भीमेचे मासे आणि कर्नल साइक्स

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूरच्या घाटावर उभे राहिले, की नीरा आणि भीमा एकमेकींना मिळताना दिसतात. बारामतीची कऱ्हा त्याआधीच सोनगावापाशी नीरेत मिसळलेली असते. या नद्यांत कोणते मासे होते, याची पहिली शास्त्रीय नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. खडकीच्या १८१७ च्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढला होता, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे उरली आहे. पण त्याचे खरे काम लढाई संपल्यानंतरचे आहे.

साइक्सचा जन्म १७९० चा. कोवळ्या वयातच तो कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखात काय आहे, हे कंपनी सरकारला जाणून घ्यायचे होते. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी साइक्सला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम दिले. लोकसंख्या, पिके, जमिनीचे हक्क, हवामान हे त्याचे सरकारी विषय. ते करता करता त्याने प्राणी, पक्षी आणि मासेही टिपले. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला आणि मग एकामागून एक निबंध छापत गेला. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ ची. भिगवणच्या पाणथळीत आज सहज दिसणाऱ्या वंचक बगळ्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम याच यादीत आले.

माशांवरचा निबंध त्याने १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडला. तो पुढच्या वर्षी छापला गेला आणि चित्रांसह विस्तृत स्वरूपात १८४१ मध्ये आला. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्याने नव्या म्हणून मांडल्या. मासे कुठे मिळाले, तेही त्याने लिहिले आहे: पुण्याजवळची मुळा-मुठा, शिरूरची घोडनदी आणि दौंडजवळच्या पेडगावची भीमा. पेडगावचे हेच पाणी पुढे इंदापूर तालुक्याला वळसा घालून संगमाकडे जाते.

या निबंधाचे वेगळेपण नावांत आहे. त्या काळचे युरोपीय अभ्यासक नव्या जातीला लॅटिन विशेषण किंवा एखाद्या मित्राचे नाव देत. साइक्सनेही काही नावे तशी दिली. मोठ्या शिकारी माशाला त्याने लंडनच्या यारेलचे नाव दिले, तर एका आहेर माशाला एल्फिन्स्टनचे. पण इतर अनेक जातींना त्याने मासेमारांच्या तोंडचीच नावे लावली: खुदरी, शिंगटी, मल्ल्या, कोळशी, ताकरी, नुक्ता. 'रोहटी' हा शब्द तर त्याने पूर्ण प्रजातीलाच दिला आणि तो आजही शास्त्रात मान्य आहे. जगभरच्या ग्रंथांत छापली जाणारी ही नावे भीमाकाठच्या भोई-कोळ्यांची आहेत. त्या माणसांची नावे मात्र निबंधात येत नाहीत.

आता या कामातला एक मोठा दोष. साइक्सने ताज्या माशांवरून, मोजमाप घेऊन चित्रे करवून घेतली. पण नमुने जतन झाले नाहीत. ज्या मूळ माशावरून जात ठरली, तो मासा संग्रहालयातल्या बाटलीत असला, तर पुढे वाद झाल्यास बाटली उघडून पाहता येते. साइक्सच्या बाबतीत पुढच्यांच्या हाती उरले ते वर्णन, चित्र, गावाचे नाव आणि माशाचे मराठी नाव.

या उणिवेची किंमत पुढे दुसऱ्याच नदीला मोजावी लागली. घोडनदीच्या एका माशाला साइक्सने 'मुसुल्ला' म्हटले होते. नमुना नसल्यामुळे अनेकांनी तो महसीर मानला आणि कर्नाटकातल्या कावेरीच्या कुबड असलेल्या महाकाय महसीरालाही काहींनी हेच नाव लावले. २०१३ मध्ये अभ्यासकांनी साइक्सचे वर्णन आणि चित्र पुन्हा बारकाईने तपासले, तेव्हा मुसुल्ला हा महसीर नसून वेगळ्याच प्रजातीचा असल्याचे दिसले. म्हणजे कावेरीचा मासा इतकी वर्षे दुसऱ्याचे नाव घेऊन वावरत होता.

दरम्यान साइक्सचीच 'खुदरी' कावेरीत पोचली होती. धरणांमुळे महसीर घटू लागल्यावर लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने खुदरीची पैदास सुरू केली. हेतू चांगला होता आणि पिले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीत ती फोफावली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्यानंतरच तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. ज्या माशाची ओळख ठरलेली नाही, त्याला संरक्षणाच्या यादीत जागा कशी मिळणार?

इकडे भीमेचेही रूप बदलले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि वाहती नदी इंदापूरच्या गावांपुरती तरी जलाशय बनली. पळसदेवचे जुने मंदिर आता पाणी आटले की दिसते. वाहत्या पाण्यातल्या, खडकाळ तळाच्या माशांना साचलेले पाणी मानवत नाही. भिगवणच्या मासळी बाजारात परदेशातून आलेली चिलापी आज नेहमीची झाली आहे. साइक्सची नुक्ता मात्र आंतरराष्ट्रीय संकटग्रस्त यादीत आहे.

इंदापूरला नोंदींचे मोल ठाऊक आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगलच्या चुकीच्या मोजणीवर बसवलेल्या साऱ्याने इथली शेते ओस पडली होती. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यात नवी मोजणी केली आणि तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. जमिनीची चूक दुरुस्त करता आली, कारण जमीन जागेवर होती. मासा एकदा नदीतून गेला, की फेरमोजणी करायला काही उरत नाही.

म्हणून एक काम आपल्याला आजच करता येईल. संगमावर किंवा उजनीच्या काठी जाळे टाकणाऱ्या वृद्ध मासेमारांना माशांची जुनी नावे विचारावीत, मासा कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळे ते लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याचे नावही त्याच्या संमतीने नोंदवावे. साइक्सने पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ केल्या. तिसरी राहून गेली, ती आपण करू शकतो.