सह्याद्रीच्या अग्निशिलांतून चार दिवस

ज्वालामुखीच्या प्रदेशांत सहलीस जावयाचें म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें जावा किंवा जपान उभें राहतें. परंतु पुण्या-मुंबईच्या गृहस्थास त्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. आपला सह्याद्रि हाच मुळीं अग्नीचें अपत्य आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथील भूमीस लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तप्त शिलारस वाहिला, थिजला, आणि त्यावर पुनः नवा थर चढला. आजही हा कातळ सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी असा आहे, व कोणत्याही घाटांत मान वर करून पाहिल्यास तो तत्काळ पटतो. दोन थरांमधील तांबडा पट्टा मुलांस अवश्य दाखवावा. एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यांत झिजलेल्या खडकाची ती माती आहे.

मुक्काम प्रथम जुन्नरास करावा. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या सकाळीं उन्हापूर्वीं चढाव्या. वडील मंडळींनीं गुडघ्यांचा सल्ला घेऊन निघावें, आणि खाऊची पुरचुंडी माकडांच्या दृष्टीस पडूं देऊं नये. गिरिजात्मजाचें दर्शन घेतल्यावर लगेच न परततां छताकडे पाहावें. एवढा विस्तीर्ण मंडप, पण मधें एकही खांब नाहीं! अग्निरसाच्या घट्ट थरावाचून हें धाडस कोणत्या पाथरवटास साधतें? सायंकाळीं शिवनेरी.

ज्यांस थोडी वांकडी वाट चालेल त्यांनीं पूर्वेस कुकडीच्या कांठचें बोरी गांव पाहावें. तेथें नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. मात्र ती राख सह्याद्रीची नव्हे. तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीची ती आहे, असें संशोधक मानतात. त्याच्या कोणत्या उद्रेकाची, याविषयीं मात्र त्यांच्यांत एकमत नाहीं.

दुसरा दिवस नाणेघाटास द्यावा. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखांतील प्राचीन अंक, जकातीचा म्हणून दाखविण्यांत येणारा दगडी रांजण, आणि पुढें एकदम तुटलेली भूमि व खालीं कोंकण! हें सर्व घाईनें उरकण्याजोगें नाहीं.

आतां ऋतूविषयीं. मोटारी भरभरून लोक ऐन आषाढांत माळशेज घाटाकडे धांवतात, तें मला मान्य नाहीं. धबधबे तेव्हां भरात असतात हें खरें. पण घट्ट कातळावरील झिजलेली माती पाणी पिऊन जड होते आणि दरड सुटते. ३० जुलै २०१४ रोजीं याच मार्गाच्या दक्षिणेस आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गाडलें गेलें. सुमारें दीडशें माणसें दगावलीं. लेंकरांबाळांसह निघणाऱ्यानें ही तारीख विसरूं नये. भाद्रपद सरतांना निघावें. तेव्हां पाऊस ओसरलेला, ओढे वाहते, आणि पठारांवर सोनकीचा पिवळा गालिचा पसरलेला असतो.

तिसऱ्या दिवशीं ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ या वाटेनें राजूर गांठावें. घरांतील तरुण मंडळींस हरिश्चंद्रगडाचा हट्ट असल्यास पाचनईकडून चढावें. खिरेश्वराची वाट दमछाक करणारी आहे. कोंकणकडा आंत वळलेला आहे, म्हणून त्याच्या तोंडाशीं उभें न राहतां पालथें निजूनच खालीं पाहावें. गृहिणींनीं दशम्या, लसणीची चटणी व मेतकूट बरोबर घ्यावें. गडावर मिळेल त्यावर विसंबूं नये.

शेवटचा मुक्काम भंडारदऱ्यास. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ सालीं पूर्ण झालें. रतनवाडीचें अमृतेश्वराचें कोरीव मंदिर पाहतांना, एवढी नाजूक नक्षी याच काळ्या कठीण दगडांतली आहे हें आठवावें. वाटेंत खडकाच्या पोकळींत पांढरे चकचकीत स्फटिक दिसतील. शिलारसांत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पुढें पाण्यांतील द्रव्यांनीं भरून ते झाले. मुलांनीं ते पाहावे, बोटांनीं चांचपावे, पण फोडून खिशांत घालूं नयेत. परततांना मुंबईकरांनीं घोटीवरून इगतपुरीस जाऊन दिवसाची गाडी धरावी व खिडकीची जागा मिळवावी. कसाऱ्याच्या घाटांत त्याच पायऱ्या पुनः, पण या वेळीं उतरत्या, दिसतात.