विद्युत् सायकल
विद्युत् सायकल : पायडलांच्या जोडीला विद्युत् घटमालेवर चालणारी मोटर बसविलेली सायकल. भारतात ती सायकल मानावी की मोटार वाहन, याचा निर्णय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनुसार होतो. मोटरीची अर्धा तास सलग मिळणारी शक्ती 250 वॉटपेक्षा कमी व घटमालेशिवाय सायकलीचे वजन 60 किग्रॅ.पर्यंत असावे लागते. वेग ताशी 25 किमी. होताच किंवा पायडल मारणे थांबताच मोटरीचे साहाय्य बंद व्हावे लागते. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तकही आवश्यक असतो. अशा मान्यताप्राप्त सायकलीस नोंदणी, परवाना वा विमा लागत नाही. वेगाची मर्यादा काढून टाकल्यास मात्र ही सूट संपते. अपघात झाल्यास चालविणारा विमा नसलेल्या मोटार वाहनाचा चालक ठरू शकतो.