सीरियल पोर्ट गप्प का बसतं?

लिनक्सवर मॉडेम किंवा राउटरचा कन्सोल जोडला आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, की पहिला संशय केबलवर जातो. केबल बदलते, नवा अडॅप्टर येतो, बिघाड मात्र तसाच. खरं तर सीरियल जोडणी आपल्या दुखण्याच्या खुणा बऱ्याच स्पष्ट देते. त्या वाचायच्या राहून जातात, याचं मला वाईट वाटतं.

‘डेव्ह’ डिरेक्टरीत टीटीवायएस० दिसतंय म्हणजे पोर्ट आहे, ही समजूत चुकीची आहे. सीरियल चिप (यूआर्ट) नसली तरी कर्नल अशा फाइली तयार ठेवतो. ‘सेटसीरियल’ला विचारल्यावर यूआर्ट ‘अननोन’ असं उत्तर आलं, तर तिथे बहुधा हार्डवेअरच नाही. यूएसबी अडॅप्टर तर टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० अशा वेगळ्या नावाने येतो. तो खोचून लगेच ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळी पाहिल्या, की नाव कळतं.

‘परमिशन डिनाइड’ आलं की अनेक जण फाइलला ७७७ देऊन मोकळे होतात. अडॅप्टर काढून पुन्हा लावला की फाइल नव्याने बनते आणि ही सूट जाते. डेबियन-उबुंटूवर आपलं खातं ‘डायलआउट’ गटात घालायचं, आर्चवर ‘यूयूसीपी’ गटात, आणि मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायचं. ही शेवटची पायरी विसरल्यामुळे उपाय फसला असं वाटतं.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ‘प्रोग्रॅम अडकला, म्हणजे पोर्ट मेलं’ या निष्कर्षामुळे. युनिक्समध्ये पोर्ट उघडताना समोरून कॅरियरचा संकेत येईपर्यंत थांबण्याची जुनी रीत आहे. मॉडेमने फोन उचलेपर्यंत वाट पाहायची, हा त्यामागचा विचार. तीन तारांच्या केबलमध्ये तो संकेत वाहून नेणारी तारच नसते. त्यामुळे ‘क्लोकल’, म्हणजे कॅरियरकडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग, बंद असेल तर प्रोग्रॅम वाट पाहत बसतो. ‘एसटीटीवाय’ने क्लोकल चालू करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की तो अडकत नाही. फ्रीबीएसडीने यासाठी एकाच पोर्टला दोन नावं दिली आहेत: टीटीवाययू० कॅरियरची वाट पाहतं, सीयूएयू० पाहत नाही.

कधी पोर्ट दुसऱ्याच्याच ताब्यात असतं. मॉडेममॅनेजर नव्या पोर्टवर मॉडेम आहे का ते तपासायला एटी आज्ञा पाठवू शकतो, आणि बिचाऱ्या मायक्रोकंट्रोलरला त्या कळत नाहीत. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचा अडॅप्टर लावताच टीटीवाययूएसबी० दिसून नाहीसं होत असे. काही ब्रेल डिस्प्लेमध्येही हीच चिप असल्याने, ‘बीआरएलटीटीवाय’ ही अंधांसाठीची सेवा अडॅप्टरला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेई. ब्रेल वापरणारं कुणी त्या संगणकावर नसेल, तरच ती सेवा काढावी.

अक्षरांऐवजी कचरा दिसला तर? आधी वेग तपासा: एका टोकाला ९६००, दुसऱ्याला ११५२०० असेल तर उत्तम केबलवरही कचराच येणार. मदरबोर्डवरच्या पोर्टसाठी कर्नल चुकांचा हिशेबही ठेवतो. रूट होऊन ‘प्रॉक’मधल्या टीटीवाय, ड्रायव्हर, सीरियल या वाटेवरची फाइल वाचा. ‘एफई’ वाढत असेल तर वेग किंवा बिटांची रचना जुळत नाही. ‘ओई’ वाढत असेल तर आलेली अक्षरं संगणक वेळेत उचलत नाही. ११५२०० वेगाला साधारण ८७ मायक्रोसेकंदांत एक बाइट येतो. जुन्या १६४५० चिपला एकच बाइट धरता येई, १६५५०ए ला १६.

एवढं करूनही शंका उरली तर केबल काढा, नऊ पिनांच्या पोर्टची २ आणि ३ क्रमांकाची पिन जोडा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल आणि लोकल एको बंद करा आणि टाइप करा. अक्षरं परत आली तर पोर्ट ठणठणीत आहे. मग दोष पुढे शोधायचा: दोन संगणकांमध्ये सरळ केबल लावलीय का? तिथे उलटसुलट जोडलेली नल मॉडेम केबल लागते.

आणि तारा जुळल्या म्हणजे व्होल्टेज जुळलं, असं कृपया धरू नका. आरएस-२३२ वर अधिक-उणे ३ ते १५ व्होल्ट चालतात, ३.३ व्होल्टचा बोर्ड त्यावर थेट जोडला तर जळू शकतो. पाठवणारी पिन शांत असताना ग्राउंडशी मोजा. उणे आकडा आला तर आरएस-२३२, अधिक ३.३ किंवा ५ आला तर लॉजिक पातळीची जोडणी.