मऊ लोकर म्हणजे चांगली लोकर?

लोकर घ्यायला गेल्यावर आधी रंग पाहिला जातो, मग गुंडा गालाला लावला जातो. मऊ लागला की सौदा पक्का. पुष्कळदा तो धागा लोकरीचा नसतोच. शंका असेल तर एक तुकडा पेटवून पाहावा. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास सुटतो आणि राख चिमटीत चुरते; अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. पण लोकर अस्सल निघाली, तरी गालाची परीक्षा अपुरीच. विणायचे काय आहे हे आधी ठरवावे आणि त्यानुसार तंतूची जाडी, पीळ आणि पदर पाहावेत, असे माझे म्हणणे आहे. मऊपणावर भाळून निवडलेला धागा अंगात घालून पाहताना छान वाटतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात पस्तावायला लावतो.

तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मेरिनो मेंढीची लोकर साधारण २४ मायक्रॉनच्या आतली, उंची मेरिनो १८-१९ची. सुमारे ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू टोचतात, कारण त्यांची टोके कातडीला टेकली की वाकत नाहीत, रुततात. असे तंतू शेकडा पाचाच्या वर गेले की बहुतेकांना ते जाणवते. ‘मला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे’ म्हणणाऱ्या अनेकांची तक्रार खरे तर या जाड टोकांबद्दल असते. म्हणून तान्ह्या बाळाच्या टोपड्याला बारीक मेरिनोच हवी, यात वाद नाही. मात्र बारीक तंतू बहुधा आखूडही असतात. घासले गेले की त्यांची टोके धाग्यातून सुटतात आणि काखेत, कोपरावर गोळे धरतात. तीच लोकर पायमोज्यांना वापरली, तर टाचा लवकर विरतात. तिथे घट्ट पिळाचा, तीन किंवा अधिक पदरांचा आणि शक्यतो थोडे नायलॉन मिसळलेला धागाच टिकतो.

पीळ आणि पदर यांचे महत्त्व कळायला कताई समजून घ्यावी लागते. लोकर पिंजून पेळू केला, तर तंतू आडवेतिडवे राहतात. तो पेळू लांब ओढत कातला की धाग्यात हवा अडकते. धागा हलका, फुगीर, उबदार होतो, पण टाके थोडे धूसर दिसतात. तेच लांब तंतू फणीने विंचरून समांतर केले आणि बोटांनी पुढचा भाग दाबत कातले, तर धागा गुळगुळीत, मजबूत होतो आणि उठावाच्या नक्षीत टाकान् टाका मोजता येतो. एकाच पदराचा, एका दिशेने पिळलेला धागा सुलट-उलट ओळींच्या सपाट विणीत कापडाला तिरके ओढू शकतो. म्हणून दोन-तीन पदर पहिल्या पिळाच्या उलट दिशेने एकत्र पिळतात. पीळ समतोल झाला आहे का, हे पाहणे सोपे आहे. हातभर धागा घ्या, दोन्ही टोके जवळ आणून मधला भाग लोंबू द्या. तो शांत लोंबला तर ठीक. स्वतःभोवती गुंडाळू लागला तर कापडातही तीच ओढ येईल. दोन पदरी धागा जाळीदार विणीला शोभतो, तीन पदरी गोल असल्याने वेणीच्या नक्षीला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे कोळी जे गर्न्सी स्वेटर घालत, ते घट्ट पिळाच्या पाच पदरी धाग्याचे. ते मऊ नव्हते आणि कुणी तशी अपेक्षाही केली नाही. वारा अडवणे हे त्यांचे काम होते.

गिरणीचा तयार धागा मिळत असताना हे सगळे कशाला, असे कुणी म्हणेल. उत्तर असे की गिरणीतही हेच निर्णय घेतलेले असतात, फक्त दुसऱ्या कुणीतरी आणि दुसऱ्याच हिशेबाने. टकळीवर चार हात धागा कातला, तरी पुढे दुकानात डोळे वेगळे पाहू लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपली थंडी बेताची, अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि मशीनमध्ये धुता येते. रोज मळणाऱ्या शाळेच्या स्वेटरपुरता हा मुद्दा मला मान्य आहे. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प ओलसर न लागता धरून ठेवते. अ‍ॅक्रिलिकला ते जमत नाही, म्हणून पहाटे गार आणि दुपारी ऊन अशा आपल्या हवेत ते घामट वाटते. धुण्याची भीती असेल, तर तंतूंवरचे खवले रसायनाने गुळगुळीत केलेली लोकरही मिळते. ती आटत नाही. भिजल्यावर थोडी सैलावते, एवढे ध्यानात ठेवावे.

मऊपणाच्या या हट्टात आपल्या माणदेशातल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र मागे पडली. ती जाड, केसाळ, बहुधा काळी. सांगर मंडळी तिची घोंगडी विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. तिचा स्वेटर उघड्या अंगाला सोसणार नाही, आणि देशी म्हणून तो सोसावा असा आग्रह मी धरणार नाही. पण आसन, पिशवी, जाड पायपुसणे यांना झिजेला टिकणारा धागाच हवा, तिथे मेरिनो घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, त्यातल्या त्यात मऊ असते; सदऱ्यावरून घालायच्या बंडीला तिचा विचार करता येईल. या लोकरीला भाव नाही ही धनगरांची जुनी तक्रार आहे. विणणाऱ्यांनी योग्य कामासाठी ती मागितली, तर थोडी तरी मागणी उभी राहील.

यंदा धागा कोणताही घ्या, एक करा. आधी वीतभर चौकोन विणा, धुऊन वाळवा, दोन दिवस पिशवीत घासू द्या, आणि मगच स्वेटरचे टाके घाला.