परिषदेपासून करोडगिरी नाक्यापर्यंत

पनवेलच्या खांदा कॉलनीत १७ सप्टेंबर हा एरवीसारखाच दिवस असतो. शाळा भरतात, खांदेश्वर स्थानकावर लोकलला गर्दी होते. नांदेड, लातूर, बीडमध्ये मात्र त्या सकाळी झेंडावंदन असतं, सुट्टी असते; तो मराठवाड्याचा मुक्तिदिन. पनवेल कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात होतं; इंग्रज गेले आणि विषय मिटला. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे १५ ऑगस्ट १९४७ला तिरंगा लावणं हा गुन्हा होता.

पुढची गोष्ट सहसा सप्टेंबर १९४८च्या पाच दिवसांतच सांगून संपवतात. सरदार पटेलांनी फौज पाठवली, निजाम शरण आला. खरं तर त्या पाच दिवसांमागे किमान दहा वर्षं होती आणि ती फौजेची नव्हती.

हैदराबाद हे हिंदुस्थानातलं सर्वांत जास्त वस्तीचं संस्थान. १९४१च्या शिरगणतीत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर. त्यातले चौथाईच्या आसपास मराठी बोलणारे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे. गादीवर १९११पासून मीर उस्मान अली खान, जगातले सर्वांत श्रीमंत म्हणून गाजलेले. बराच मुलूख जहागिरदारांकडे, आणि शिवाय ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी जमीन. कारभार उर्दूत, कचेरी उर्दूत, वरचं शिक्षणही उर्दूत. शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे.

पण नुसत्या गरिबीने राजसत्ता हलत नाहीत. लोकांना एकत्र बसायला जागा लागते. निजाम सरकारने नेमकी तीच जागा बंद केली. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने परवानगीशिवाय सभा घेणं अशक्य झालं. खासगी शाळांवर नजर, आखाड्यांवर नजर. मग वाचनालय, शाळा, गणेशोत्सव यांनाच राजकारणाचं वजन आलं. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, चळवळीचे नेते झाले ते या वाटेने. संन्याशाने आणि मास्तराने राजाशी लढावं यात मराठवाड्याला काही विचित्र वाटलं नाही. दुसरं होतंच कोण!

१९३७मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मागण्या मवाळ होत्या. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं, तर सरकारने ती रीतसर जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ला सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास साताऱ्याकडच्या औंधमध्ये राजा भवानराव पंतप्रतिनिधी आपणहून प्रजेच्या हाती कारभार द्यायची तयारी करत होते. संस्थानिक सगळे सारखे नव्हते, हे निजामाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही नाकारता येणार नाही.

नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. ठिणगी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. त्या विद्यार्थ्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. सरकारने एका फटक्यात चळवळीला शिकलेले तरुण कार्यकर्ते मिळवून दिले.

त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह सुरू होते. राजा मुसलमान, बहुतेक प्रजा हिंदू. दोन्ही लढे एकच आहेत असं दाखवणं सरकारला सोयीचं होतं. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८मध्ये सत्याग्रह थांबवला. कार्यकर्ते हिरमुसले. तरीही तो निर्णय शहाणपणाचा होता, कारण लढा राजेशाहीशी आहे, धर्माशी नाही, ही रेघ त्याने आखून दिली. ती टिकवणं मात्र पुढे फार अवघड गेलं.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती १९४६मध्ये. त्याच वर्षी लातूरचा वकील कासिम रझवी ‘मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन’ या निजामाच्या बाजूच्या संघटनेचा पुढारी झाला आणि रझाकारांची, म्हणजे तिच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत वाढत गेली. २९ ऑक्टोबर १९४६ला बिलोली भागात अर्जापूरजवळ चळवळीतले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४७च्या ऑगस्टमध्ये स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले. नोव्हेंबरात भारत सरकारने निजामाशी ‘जैसे थे’ करार केला, तेव्हा गावोगावच्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

मग लढा सरहद्दीवर गेला. इंग्रजांकडून मोकळ्या झालेल्या लगतच्या मुलखात छावण्या उभ्या राहिल्या. तिथून तरुण संस्थानात घुसत, करोडगिरी, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, सरकारला महसूल देणारी शिंदीची झाडं तोडत, धान्याची लेव्ही द्यायला नकार देणाऱ्या गावांना बळ देत. ३० जानेवारी १९४८ला नांदेड भागातली उमरीची बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये चळवळीसाठी नेण्यात आले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून या कारवायांत उतरल्या. अहिंसेने सुरू झालेली चळवळ इथे हातबॉम्बपर्यंत आली होती.

विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ठार मारलं गेलं, मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. लढा धर्माशी नाही ही जुनी रेघ अजून पुसलेली नव्हती, याचा हा सर्वांत महागडा पुरावा. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र ती रेघ पुसली गेली. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडची नावं घेतली. हा अहवाल कित्येक दशकं दडवलेला होता. मुक्तिदिनाच्या भाषणांत आजही त्याचा उल्लेख क्वचितच येतो आणि तो न आल्याने लढणाऱ्यांचा मान वाढत नाही.

राजाचं काय झालं? १९४९मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झालं, जहागिऱ्या रद्द झाल्या. निजामाला वर्षाला पन्नास लाखांचा तनखा मिळाला आणि २६ जानेवारी १९५०पासून तेच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. १९५२मध्ये स्वामी रामानंद तीर्थ त्याच राज्यातल्या गुलबर्ग्याहून लोकसभेत निवडून गेले, तेव्हाही राजप्रमुख निजामच होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठे ते पद संपलं.