लोखंडी सूर : एका ध्वनिमुद्रिकेची जन्मकथा

'हेवी मेटल' हे नाव काढले की घरातील वडीलमंडळींच्या कपाळाला आठी पडते. मुलगा दार लावून काय ऐकत बसतो, हे त्यांना उमगत नाही. तो गोंगाट की संगीत, याचा निवाडा करण्यापूर्वी तो जन्मला कसा, हे पाहणे न्यायाचे होईल. त्यासाठी मी एकच ध्वनिमुद्रिका निवडली आहे : इंग्लंडमधील 'ब्लॅक सॅबथ' या चौघांच्या वाद्यवृंदाची त्याच नावाची पहिली मुद्रिका. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली.

हे चौघे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. बर्मिंगहॅम म्हणजे धातूच्या कारखान्यांचे गाव. गायक ऑझी ऑस्बॉर्न काही काळ खाटीकखान्यात राबला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून टोनीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच! डॉक्टरांनी वादनाची आशा सोडण्यास सांगितले.

तेव्हा कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ सालच्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे अधू होऊनही हा गिटारवादक थोर पदाला पोहोचला होता. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबताना बोटे दुखत, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या मुद्रिकेत काही गाण्यांसाठी त्या तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. उतरलेल्या तारेचा सूर खोल आणि जड येतो. अशा रीतीने एका अपंगत्वातून एक शैली घडली.

आता पहिल्या मुद्रिकेतील पहिलेच गाणे घ्या. पाऊस, दूरची घंटा, आणि मग गिटारचे तीन स्वर : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. आपल्या यमनात हाच तीव्र मध्यम पंचमाकडे झेपावतो आणि मन निवते. येथे मात्र तो पंचमाच्या उंबरठ्यावर नुसता थरथरत राहतो, विसावा देत नाही. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या या अंतराला युरोपात 'सैतानी' म्हणत आले आहेत. स्वर तोच; त्याला कोठे नेऊन सोडता, यावर रस ठरतो.

ही मुद्रिका लंडनमध्ये १९६९ साली जवळजवळ एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. समीक्षकांनी नाके मुरडली. तरी ती ब्रिटनच्या विक्रीयादीत आठव्या क्रमांकावर पोहोचली. प्रेमाची आणि फुलांची गाणी त्या काळी पुष्कळ होती. पण कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या पोरांना आपल्या जगण्याचा आवाज त्यांत सापडत नव्हता. तो त्यांना येथे सापडला.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे ॲस्टनमध्येच, विला पार्क मैदानावर, अखेरचे एकत्र वाजले. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला, ऑस्बॉर्न निवर्तला. शोक करण्यासाठी बर्मिंगहॅमचे रस्ते माणसांनी भरून गेले.

मुलाच्या खोलीचे दार पुन्हा बंद दिसले, तर एकदा आत जाऊन बसा. आवडलेच पाहिजे असे नाही. पण तो तीव्र मध्यम तुमच्या ओळखीचा निघेल.