युरेकातला रेडवूडचा वाडा

व्हरांड्याच्या एका खांबापासून सुरुवात करू. चौथऱ्यापाशी तो जाड आहे, वर जाताना बारीक होतो, मध्येच त्याला मण्यासारखी गाठ येते, पुन्हा खोबण, पुन्हा गाठ. कातावर असा एक खांब उतरवायला किती वेळ लागला असेल, याचा हिशेब मनात करावा आणि मान वर करावी, तर असे खांब ओळीनं उभे. त्यांच्यावर महिरपी, महिरपींवर जाळ्या, जाळ्यांवर कंगोरे आणि सगळ्यांच्या वर टोकदार मनोरा. बाहेरून दिसणारं यातलं जवळपास सगळं काम लाकडी. हा कार्सन मॅन्शन, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात हम्बोल्ट खाडीच्या काठी वसलेल्या युरेका गावातला. १८८४ ते १८८६ या काळात तो बांधला गेला. अमेरिकेतल्या व्हिक्टोरियन घरांचं कुठलंही पुस्तक उघडा, याचा फोटो बहुधा सापडतोच.

मालक विल्यम कार्सन. जन्म १८२५चा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा. सोन्याच्या ओढीनं हजारोंबरोबर तोही कॅलिफोर्नियात आला, पण त्याचं नशीब उघडलं ते लाकडानं. १८५४ मध्ये त्यानं हम्बोल्ट खाडीतून रेडवूडचा माल सॅन फ्रान्सिस्कोला जहाजानं रवाना केला, १८६३ मध्ये जॉन डॉल्बियरशी भागी केली, आणि ‘डॉल्बियर अँड कार्सन’ हे नाव खाडीवर रुजलं.

रेडवूड म्हणजे काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय या घराला अर्थ नाही. पॅसिफिकच्या धुक्यावर पोसलेलं, शंभर मीटरच्या वर जाणारं, दोन हजार वर्षांहून अधिक जगू शकणारं हे झाड. गाभ्याचं लाकूड तांबूस, वजनाला हलकं, सरळ रेषांचं. टॅनिन भरपूर असल्यामुळे ते सहसा कुजत नाही आणि किडीलाही दाद देत नाही. राळ अगदी कमी, म्हणून चटकन पेटतही नाही. बांधकामाला याहून काय हवं? पण ते पाडायचं कसं? बुंधा खाली फार फुगीर असतो. म्हणून तोडणारे खोडात खाचा पाडत, त्यांत फळ्या खोचत आणि जमिनीपासून कितीतरी वर त्या फळ्यांवर उभं राहून कुऱ्हाड नि दोघांनी ओढायची लांब करवत चालवत. पाय घसरला की संपलं. आडवी झालेली धुडं ओढायला बैलांच्या लांबच लांब जोड्या लागत. १८८१ मध्ये डॉल्बियरनं उभ्या बॉयलरचं वाफेचं इंजिन आणि दोर गुंडाळणारं रहाट एकत्र बसवलं. त्याला ‘डाँकी’ म्हणत. या गाढवानं बैल हटवले आणि जंगलतोडीचा वेग पार बदलून टाकला. कार्सनच्या वाड्यामागे या इंजिनाचीही कमाई आहे.

घराचे आराखडे सॅम्युअल आणि जोसेफ कॅदर न्यूसम या सॅन फ्रान्सिस्कोच्या भावांचे. खोल्या अठरा. शैलीचं नाव क्वीन ॲन, पण त्यात इटालियन वळणं आहेत, ईस्टलेक पद्धतीची कातकामंही आहेत. धंद्यात मंदी होती, गिरणीतली माणसं रिकामी बसू नयेत म्हणून कार्सननं शंभरावर लोकांना या कामाला लावलं, असं आजही सांगितलं जातं. आतल्या कामासाठी मध्य अमेरिकेतून ‘प्रिमावेरा’ नावाचं फिकट लाकूड मागवलं होतं. त्याचा आकडा ९७ हजार फूट असा दिला जातो. अतिरेकी नक्षी म्हणून या घराला नाकं मुरडणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. वखारवाल्यानं आपल्या मालाचा नमुना गावासमोर मांडलाय: लाकडाकडून जे जे करून घेता येतं ते सगळं इथे आहे, आणि ते हातांनी केलंय. त्या हातांची नावं कुठल्या पाटीवर दिसत नाहीत, याचीच खंत वाटते.

समोरच्या कोपऱ्यावर ‘पिंक लेडी’ हे घर आहे. १८८९ मध्ये कार्सननं थोरल्या मुलाला लग्नात दिलेला आहेर. तीही न्यूसम बंधूंचीच. कार्सन १९१२ मध्ये गेला. १९५० मध्ये कुटुंबानं घर विकलं, ते इंगोमार क्लबनं घेतलं. आजही ते खासगी आहे, त्यामुळे पाहणाऱ्यानं रस्त्यावरूनच पाहायचं.

तसं पाहताना जवळच खाडी असते, आणि खाडीत तुलुवात बेट. २६ फेब्रुवारी १८६० रोजी, विश्वाच्या नूतनीकरणाच्या विधीसाठी जमलेल्या वियोत या मूळनिवासी लोकांवर गोऱ्या वसाहतकऱ्यांनी पहाटेआधी हल्ला केला. मारले गेले ते बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. ब्रेट हार्ट या तरुण पत्रकारानं शेजारच्या गावातल्या वृत्तपत्रात त्याचा निषेध छापला आणि त्याला तो मुलूख सोडावा लागला. युरेका नगरपालिकेनं बेटाचा मोठा भाग वियोत लोकांना परत केला तो २०१९ मध्ये. लाकडाचं गाव कुणाच्या जमिनीवर उभं राहिलं हे सांगितल्याशिवाय वाड्याची गोष्ट पुरी होत नाही.

पॅसिफिक किनाऱ्यावरचं जुनं रेडवूड जंगल आता सुमारे पाच टक्के उरलंय. बाकी ठिकाणी दुबार वाढ. तिथे हिंडताना नेच्यांमध्ये काळपट, खोलीएवढे रुंद बुंधे भेटतात. माणसाच्या उंचीवर, कधी त्याहूनही वर, त्यांत फळी खोचण्याच्या खाचा अजून तशाच आहेत. हाताचा पंजा सहज आत जातो. आणि रेडवूड मुळापासून फुटतं म्हणून त्या मेलेल्या बुंध्याभोवती, गोल रिंगण धरून, त्याचीच उंच वाढलेली पोरं उभी असतात.